मालडब्यांची रंगभूषा

“गाडी छान आहे, पण खोटी वाटते,” मी म्हणाले, आणि नानांनी, माझ्या वडिलांनी, माझ्या पायावर पाय दिला.

भुसावळला भंगाळ्यांच्या माडीवर आम्ही उभे होतो. समोर खोलीभर पसरलेलं लाकडी टेबल, त्यावर रूळ, आणि रुळांवर वितीएवढ्या डब्यांची मालगाडी फिरत होती. इंजिन, मागे तांबड्या रंगाचे बंद डबे, शेवटी गार्डचा डबा. सगळं एकट्या माणसाने पत्रा कापून, कातरून, कथलाने डाग देऊन बनवलेलं. तो माणूस, म्हणजे दिगंबर भंगाळे, माझ्यासमोर बटणावर हात ठेवून उभा होता. त्याने बटण बंद केलं. गाडी थांबली.

“खोटी म्हणजे?”

“पोरीच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका,” नाना घाईघाईने म्हणाले. “प्रवासाने दमलीय.”

जळगाव ते भुसावळ प्रवास तो केवढा, आणि त्यात दमायचं काय.

खरं म्हणजे मुलीने घर पाहायला जायचंच नसतं. वडीलधाऱ्यांनी जायचं, चहा प्यायचा, भिंतींना ओल आहे का ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचं आणि परत येऊन ‘माणसं चांगली आहेत’ म्हणायचं, अशी आमच्याकडची रीत. नाना याआधी तीन घरं पाहून आले होते. तिन्ही ठिकाणची माणसं चांगली होती, आणि तिन्ही ठिकाणी माझ्या रंगाच्या पेटीला नकार होता. मग मी नानांना सांगितलं, राहायचं मला आहे तर बघणारही मीच. नाना दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी माझंही तिकीट काढलं.

पेटीचं असं होतं की मी हौशी नाटकांची रंगभूषा करायचे. पंचविशीतल्या पोराला साठीचा करायचा असला की जळगावात एकच नाव निघायचं, कुमुद झांबरे. बढाई मारत नाही, होतंच तसं. त्या वर्षी आमचं नाटक राज्य स्पर्धेच्या अंतिम फेरीला गेलं होतं, प्रयोग नागपूरला होता. आमचा नायक तीस वर्षांचा, आणि नाटकात ऐंशी वर्षांचा. तो म्हातारा दिसला नाही तर नाटक पडलंच समजा.

आणि इकडे खाली चहा घेताना दिगंबरच्या आईने, माईंनी, माझ्याकडून नागपूरचं आणि त्या ऐंशीच्या म्हाताऱ्याचं ऐकल्यावर कप खाली ठेवत सरळ सांगून टाकलं होतं, “पोरगी आम्हाले पसंत आहे. बोलाले जरा तिखट दिसते, पण चालन. फक्त ते रंगाचं काम तेवढं माहेरीच ठेवा. परक्या माणसाच्या गालाले हात लावनं आमच्यात नाही चालत. अन् खोटं तोंड लावायचं ते कायले? देवानं दिलं ते काय वाईट आहे?”

नानांनी मान डोलावली. लग्नाची तारीख बहुतेक फाल्गुनातली निघणार होती, म्हणजे नागपूरच्या प्रयोगाच्या ऐन तोंडावर. मी दिगंबरकडे पाहिलं. तो बशीत पाहत होता. दिसायला बरा होता, आवाज शांत होता, रेल्वेच्या कारखान्यात नकाशे काढायचा. मला आवडला होता, उगाच का नाही म्हणू? पण पेटी सोडून मी कुठल्याच घरात जाणार नव्हते, आणि हा बशीत बघणारा माणूस माझ्यासाठी तोंड उघडेल का, हे मला कळत नव्हतं. माझ्या डोक्यात तेवढं एकच चाललेलं होतं.

तणाव जरा सैल व्हावा म्हणून त्याचे वडील, अप्पा, आम्हाला माडीवर घेऊन आले होते. अप्पा मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले, गोल चेहऱ्याचे, हसऱ्या स्वभावाचे. आता ते खुर्चीत बसून आमच्याकडे मजेत बघत होते.

“मोजून केली आहे गाडी,” दिगंबर म्हणाला. आवाज अजून शांतच, पण कान तापलेले. “खऱ्या डब्यावर जितके रिव्हेट, तितके याच्यावर आहेत. दार सरकतं. पाहा.”

“रिव्हेट बरोबरच असतील. पण हे डबे कधी घराबाहेर पडलेले दिसत नाहीत. यांच्यात कधी सिमेंट भरलं नाही, खत भरलं नाही, कधी ऊन लागलं नाही. रुखवतात मांडल्यासारखे मांडलेत. मालगाडी इतकी चकचकीत कुणी पाहिलीय?”

अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. “पोरगी बरोबर बोलते रे दिगू,” ते म्हणाले. “माझ्या सगळ्या नोकरीत असा एक डबा माझ्या गाडीला लागला नाही.”

“मग काय करायचं? चिखल फासायचा?” दिगंबर म्हणाला.

“फासायचा कशाला. एक डबा मला द्या. पुढच्या रविवारी न्यायला या.”

“काय करणार त्याचं?”

“माणसांचं करते तेच. वय देईन त्याला.”

नानांचा पाय पुन्हा माझ्या पायावर आला. दिगंबरने थोडा विचार केला, खण उघडला आणि चाक वाकडं झालेला एक डबा काढून पुढे धरला.

“हा नको,” मी म्हणाले. “मोडक्यावर कुणीही हात साफ करेल. चालणारा द्या.”

मला वाटलं, आता हा माणूस रागावून खाली जाईल. पण त्याने गाडीच्या मधोमध हात घातला, एक डबा अलगद सोडवला, आणि क्षणभर तळहातावर धरून राहिला.

“याला मला अख्खा पावसाळा लागला होता,” एवढंच बोलून त्याने तो माझ्या हातात दिला.

घरी येताना नानांनी गाडीत मला भरपूर सुनावलं. जमत आलेलं मोडायची हौस आहे, जिभेला हाड नाही, वगैरे. मी डबा रुमालात गुंडाळून मांडीवर धरला होता आणि ऐकत होते.

तो आठवडा मी तालीम आणि तो डबा सोडून बाकी काही केलं नाही. सकाळी मालधक्क्यावर जाऊन उभी राहायचे. हमाल विचारायचे, ताई, कुणाचं पार्सल हुडकताय? मी डबे बघायचे. पावसाचं पाणी कुठून ओघळतं, दाराच्या खाली पांढरं काय साचतं, पत्र्याला गंज कुठे फुटतो. घरी येऊन काजळी, गेरू, चुलीतली राख, माझ्या पेटीतला तपकिरी रंग, सगळं मांडून बसायचे. शनिवारी डबा तयार झाला तेव्हा मी स्वतःवरच खूश होते. गंजाचे ओघळ असे काढले होते की बघत राहावं. आईलाही दाखवला. आई म्हणाली, बाई गं, हा तर भंगारातला वाटतो. मला ती शाबासकी वाटली.

रविवारी दिगंबर आणि अप्पा आले. मी डबा पाटावर आणून ठेवला. दिगंबरने तो उचलला, डोळ्यांजवळ नेला, फिरवला. मग त्याने तो कोनाड्यात ठेवला आणि चपला घालून सरळ अंगणात गेला. मला कळेना. अंगणाच्या पार टोकाला, तुळशीपाशी उभं राहून तो दारातून आत कोनाड्याकडे बघत होता.

“इथून फार सुंदर दिसतो,” तो तिथून म्हणाला. मग आत आला. “पण हातात घेतला की ओरडतो.”

“ओरडतो म्हणजे?” आता माझे कान तापले.

“सगळीकडे गंज, सगळीकडे काळं. इतका आजारी डबा गाडीला लावतच नाहीत.”

“आम्ही अशावर चिठ्ठी मारून बाजूला काढायचो,” अप्पा पोह्यांची बशी हातात घेत म्हणाले.

मी चिडून डबा उचलला. काय अक्कल आहे यांना रंगातली, असं तोंडाशी आलं होतं. पण डबा हातात घेऊन मी नीट पाहिलं आणि माझं मलाच दिसलं. मी तो शेवटच्या रांगेसाठी रंगवला होता. नाटकात सुरकुती काढायची ती मागच्या बाकावरच्या माणसाला दिसावी म्हणून. जवळून ती भयंकर दिसते, पण जवळ येतो कोण? नटाला विंगेत बघितलं तर भूत वाटतो. आणि हा डबा तर माणूस नाकाशी धरून बघणार. सगळं वय मी दुप्पट लावून ठेवलं होतं, नेहमीच्या हाताने.

मी उठले, टर्पेंटाइनची बाटली आणली, फडकं भिजवलं आणि त्याच्या देखत सगळं पुसून काढलं. आठवड्याचं काम काही मिनिटांत गेलं. आई स्वयंपाकघराच्या दारातून चुकचुकली. दिगंबर मात्र जागचा हलला नाही.

“बसा,” मी त्याला म्हणाले. “लगेच निघायचं नाही ना? आता तुम्ही सांगा, मी लावते.”

“मला रंगातलं काही कळत नाही.”

“डब्यातलं कळतं ना? म्हाताऱ्याला सुरकुत्या कुठे काढायच्या ते मी त्याला हसायला लावून बघते. माणूस हसतो तिथेच त्या पडतात. हा डबा काय काय करतो ते सांगा, म्हणजे मळ कुठे बसतो ते मला कळेल.”

मग तो सांगायला लागला. बशीत बघणारा तो हाच का, असं वाटावं इतकं बोलला. दार सरकवताना हमालाचा हात इथे लागतो, म्हणून इथला रंग घासून उजळ होतो, काळा होत नाही. छपरावर इंजिनाची काजळी बसते, पण कडेला पाऊस ती धुऊन नेतो. पोतं फुटलं की सिमेंट दाराच्या खालच्या पट्टीत अडकतं, वर नाही. आणि इथे खाली, चाकांच्या वरच्या पत्र्यावर, तांबूस पूड असते. गंजाची नाही. ब्रेक लागला की लोखंड लोखंडाला घासतं, त्याची.

“रंग कसा तिचा?”

“जुन्या तव्याच्या पाठीचा असतो ना, तसा. पण जरा लालसर. आणि फार बारीक. हाताने लावू नका.”

मी गेरूत थोडी काजळी मिसळली आणि पफ घेतला. नटीच्या गालावर लाली लावावी तेवढ्याच हलक्या हाताने ती पूड खालच्या पत्र्यावर सोडली. तो वाकून बघत होता. “अजून थोडी,” तो म्हणाला. “चाकाच्या मागे जास्त. बस. आता नका.”

अप्पा आणि नाना ओसरीवर गप्पा मारत बसले होते. नानांचा आवाज आता मोकळा झाला होता.

“नागपूरचा प्रयोग कधी?” दिगंबरने हळूच विचारलं.

मी तारीख सांगितली.

“आईचं म्हणणं तुम्ही ऐकलंत त्या दिवशी.”

“आईंचं ऐकलं. तुमचं काही ऐकू आलं नाही. बशीत काय एवढं दिसत होतं?”

तो ओशाळला. “आईला पाहुण्यांच्या समोर उलटं बोललं की ती हट्टाला पेटते. तिला वेळ द्यावा लागतो.”

“द्या की. पण एक सांगून ठेवते. हे मी नानांनाही सांगितलेलं नाही. पेटी नाही तर मीही नाही. तुम्ही मला आवडलात, ते खोटं नाही. तरीसुद्धा नाही.”

एवढं बोलून मी पफ झटकला. मुलीने असं बोलायचं असतं का? त्याने डब्यावरून नजर उचलली नाही, पण कपाळ पार लाल झालं होतं.

“पुढच्या रविवारी सुपारी फोडायची आहे,” तो म्हणाला. “तेव्हा बोलतो.”

मग रंग निघू नये म्हणून मी नळीने फुंकून पातळ वॉर्निशचा हात मारला आणि वाळेपर्यंत राहू दे म्हणून डबा आमच्याच कोनाड्यात ठेवला.

सुपारीच्या दिवशी घर भरलं होतं. गुरुजी पंचांग उघडून बसले, ताटात सुपारी, नारळ, हळदकुंकू. दिगंबरकडून माई, अप्पा आणि त्याचे काका. माई भिंतीला टेकून, कोनाड्याच्या खालीच बसल्या होत्या. मी आतल्या दाराशी उभी होते.

“तारीख फाल्गुनातलीच धरा,” माई म्हणाल्या. “अन् ते पहिलंच सांगून ठेवलं हाये. रंगाची पेटी माहेरी.”

“हो हो, ते ठरलेलंच आहे,” नाना म्हणाले.

“ठरलेलं नाही,” दिगंबर म्हणाला.

गुरुजींनी पंचांगातून मान वर केली.

“आई, माझे डबे माडीवर आहेत. अर्धी खोली अडवली मी. तू कधी काढ म्हणालीस का? मग हिच्या पेटीला जागा का नाही? पेटी आली नाही तर ही येणार नाही, आणि मला हीच पाहिजे.”

बोलला तो. आवाज नेहमीसारखाच शांत होता, पण मान वर होती. मला इतका आनंद झाला की मी दाराची चौकट घट्ट धरली. पण माईंचा चेहरा दगड झाला होता. काका काहीतरी पुटपुटले. सुपारी तशीच ताटात पडून होती, आणि हा सोहळा इथेच मोडणार असं मला स्पष्ट दिसायला लागलं. माईंनी उठायचं म्हणून आधाराला हात वर केला तो कोनाड्याच्या कडेला लागला. उठून उभ्या राहत त्यांनी कोनाड्यात पाहिलं.

“हा आमच्या दिगूचाच डबा ना व?” त्या म्हणाल्या, आणि डबा खाली घेतला. “पोरानं जीव टाकून केला, अन् इथं धूळ खात टाकला. पाहा कसा मळवला. याले म्हनतात संसार करनारी पोरगी.”

त्यांनी पदराचं टोक धरलं आणि डबा पुसायला लागल्या. एकदा पुसला. पुन्हा पुसला. मग पदराला थोडी थुंकी लावून जोरात घासला. पदराला काही लागलं नाही. त्यांनी डबा उजेडाकडे धरला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

“अगं, ती धूळ नाही,” अप्पा म्हणाले. “रंगवलाय तो. या पोरीनं रंगवलाय.”

माईंनी डबा उलटा केला, आडवा केला. चाकांच्या वरच्या पत्र्यावर त्यांचा अंगठा जाऊन थांबला. तिथून पुढे सरकेना.

“ही तांबडी,” त्या म्हणाल्या. “ही कोनी सांगितली तुले?”

“यांनी,” मी म्हणाले, आणि दिगंबरकडे बोट दाखवलं.

माई लेकाकडे वळल्या. “अन् तुले?”

“तू अप्पांचे कपडे धुवायचीस,” दिगंबर म्हणाला. “मी मोरीपाशी बसून बघायचो. पांढऱ्या पँटला हीच लागलेली असायची.”

माई खाली बसल्या. डबा त्यांच्या मांडीवर होता.

“पांढरे कपडे अन् मालगाडीवरची नोकरी,” त्या कुणाला तरी सांगावं तसं म्हणाल्या, पण आमच्याकडे पाहत नव्हत्या. “कोनी काढले हे कायदे, काय माहीत. सोडा लावला, लिंबू लावलं, दगडावर आपटलं. सगळं जाये, ही तांबडी जात नसे. चाळीतल्या बाया म्हनत, गार्डच्या बायकोले कपडे धुता येत नाही. हेही एकदा म्हनाले.”

अप्पांनी मान खाली घातली. “म्हणालो होतो,” ते म्हणाले.

“मी म्हने, माझ्या हातातच काही खोट असन. कोनाले दाखवू? डाग काय दाखवायची गोष्ट आहे?” त्यांनी अंगठा पुन्हा त्या पत्र्यावरून फिरवला. “इतक्या वर्षांत हे कोनी पाह्यलं नव्हतं.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी तिखट पोरगी मी, नाटकात मुसळधार रडणाऱ्या नट्यांना कोरडे डोळे ठेवून रंगवणारी, पण त्या वेळी पदर तोंडाला लावून उभी राहिले. मला त्यांच्यापाशी जाऊन बसावंसं वाटलं.

गुरुजी खाकरले. “मग फाल्गुनातली तारीख लिहू ना?”

“थांबा,” माई म्हणाल्या. डबा त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नाही. “ही राहू द्या. चैत्र सोडून वैशाखातली पाहा. फाल्गुनात पोरीले नागपूरले काम आहे.”

मग माझ्याकडे बघून, तितक्याच कडक आवाजात म्हणाल्या, “अन् माझंही तिकीट काढजो. तो पोरगा ऐंशीचा कसा होते, ते मले जवळून पाह्यचं आहे.”